शिकविणाऱ्याचे शिकणे

एकच इमारत, तोच वर्ग, तीच पाठ्यपुस्तके आणि तोच शिक्षक सर्व मुलांना मिळाला, म्हणजे सर्वांना समान शिक्षण मिळाले असे म्हणता येईल का? वरवर पाहता प्रश्न सोपा वाटतो. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात मात्र याच प्रश्नावरून काही चिनी कुटुंबांना थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. त्या शहरातील शाळांत इंग्रजी न येणारी चिनी वंशाची २,८५६ मुले होती. त्यांपैकी सुमारे १,००० मुलांना इंग्रजीचे जादा शिक्षण मिळत होते. उरलेल्या सुमारे १,८०० मुलांना ते मिळत नव्हते आणि वर्गात जे शिकविले जाई ते त्यांना कळत नव्हते. जानेवारी १९७४ मध्ये ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ या खटल्याचा निकाल लागला. ज्या भाषेतून शिकविले जाते ती भाषाच मुलाला येत नसेल, तर सारखी पुस्तके आणि सारखे शिक्षक देऊनही समान वागणूक दिली असे होत नाही, असे न्यायालयाने एकमताने ठरविले.

निकालाने हक्क मान्य केला; तो अमलात कसा आणावयाचा, हे मात्र ठरवून दिले नाही. मुलांना इंग्रजी शिकविणे हा एक मार्ग, चिनी भाषेतून शिकविणे हा दुसरा, आणखीही असू शकतील, एवढेच सुचविले. मार्ग कोणताही निवडला तरी वर्गात तो प्रत्यक्ष चालून दाखविणारा माणूस शिक्षकच असतो. गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेत या विषयात जे घडले, त्याचा मोठा भाग त्या शिक्षकाला तयार करण्याच्या खटपटीने व्यापलेला आहे. आपल्याकडील संस्थाचालकांनी आणि पालकांनी त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

आज अमेरिकेच्या सरकारी शाळांत इंग्रजी शिकत असलेल्या, म्हणजे ती अजून पुरती न येणाऱ्या, मुलांची संख्या ५० लाखांच्या आसपास आहे. ढोबळमानाने दर दहा मुलांमागे एक मूल असे आहे. त्यांतील बहुसंख्य मुलांच्या घरी स्पॅनिश बोलली जाते. पण चिनी, अरबी, व्हिएतनामी आणि आपल्या भारतीय भाषा बोलणारी घरेही त्यांत आहेत. नोकरीच्या किंवा व्यापाराच्या निमित्ताने तेथे गेलेल्या आपल्या कुटुंबांनाही याचा अनुभव येतो. शाळेत नाव घालताना घरी कोणती भाषा बोलता, असे विचारणारा अर्ज भरून घेतात. गुजराती किंवा मराठी असे लिहिले की मुलाची इंग्रजीची चाचणी होते. त्याला जादा मदतीची गरज दिसल्यास तसे पालकांना कळविणे शाळेवर बंधनकारक असते आणि असे खास वर्ग नाकारण्याचा अधिकारही पालकांना असतो. अशी चिठ्ठी घरी आली म्हणजे मूल मंद ठरले, असे मानून पुष्कळ घरांत उगाच काळजी होते. ती चाचणी बुद्धीची नसते, फक्त भाषेची असते.

भाषेच्या बाबतीत एक घोटाळा सर्वत्र होतो आणि तो ध्यानात आल्याशिवाय शिक्षकाच्या प्रशिक्षणाची गरज का आहे हे कळत नाही. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९च्या सुमारास दाखवून दिले की, बोलण्यापुरती भाषा आणि अभ्यासाची भाषा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मैदानावर खेळताना, डबा खाताना लागणारी भाषा नवे मूल साधारण दोन वर्षांत उचलते. पुस्तकातील उतारा समजून घेणे, कारणे देऊन उत्तर लिहिणे, शब्दांत दिलेले गणित सोडविणे यांसाठी लागणारी भाषा यावयास पाच ते सात वर्षे लागू शकतात. मूल फाडफाड बोलू लागले की शिक्षकाला आणि पालकांना वाटते, आता याला इंग्रजी आले. मग परीक्षेत गुण कमी पडले की दोष मुलाच्या बुद्धीवर किंवा आळसावर जातो.

व्यापारी घरांना हे एका उदाहरणाने सहज पटेल. दुकानात ‘प्रॉडक्ट’ म्हणजे विकावयाचा माल; गणिताच्या पुस्तकात ‘प्रॉडक्ट’ म्हणजे गुणाकाराचे उत्तर. गप्पांत ‘इंटरेस्ट’ म्हणजे आवड. बँकेत आणि गणितात ‘इंटरेस्ट’ म्हणजे व्याज. ‘टेबल’ हे जेवणाचे असते, तसेच पाढ्यांचे आणि आकडेवारीचेही असते. ज्याच्या घरी इंग्रजी बोलतात त्या मुलाने यांतील निदान काही अर्थ कानावरून ऐकलेले असतात. दुसऱ्या मुलाला ते कोणीतरी सांगावे लागतात. गणिताच्या शिक्षकाला वाटते की भाषा हे इंग्रजीच्या शिक्षकाचे काम. इंग्रजीचा शिक्षक म्हणतो की गणितातील शब्द माझ्या पुस्तकात नाहीत. या दोघांच्या मध्ये मूल उभे असते.

म्हणून प्रशिक्षण कोणाला द्यावयाचे आणि कसे, हा प्रश्न पुढे आला. त्याचे एक विलक्षण उदाहरण टेक्सास राज्याच्या दक्षिण टोकाकडील रेमंडव्हिल या गावच्या खटल्यात सापडते. ‘कास्टान्येडा विरुद्ध पिकार्ड’ या नावाने तो प्रसिद्ध असून त्याचा निकाल १९८१ साली संघीय अपील न्यायालयाने दिला. तेथील बहुतेक विद्यार्थी मेक्सिकन वंशाचे होते. लहान मुलांना स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिकविण्याची योजना शाळांनी आखली होती. कागदावर योजना उत्तम होती. पण ती चालविणाऱ्या अनेक शिक्षकांना स्पॅनिश येत नव्हते. त्यांच्यासाठी १०० तासांचा वर्ग काढला गेला. त्यात सुमारे ७०० शब्दांचा संग्रह व्हावा असा हेतू होता. शेवटी परीक्षा म्हणून स्पॅनिशमध्ये एक परिच्छेद लिहावयास सांगितला आणि तो लिहिताना शब्दकोश जवळ ठेवण्याची मुभा दिली. एवढ्यावर ते शिक्षक पात्र ठरले. न्यायालयाने हे मान्य केले नाही. मुलांची भाषेची अडचण दूर करण्याचे काम ज्यांच्याकडे सोपविले, तेच शिक्षक भाषेच्या अडचणीत असतील, तर योजना कितीही चांगली असली तरी ती फळणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

याच निकालात न्यायालयाने तीन प्रश्नांची कसोटी घालून दिली आणि तेथील शाळांच्या योजना आजही तिच्यावर तपासल्या जातात. पहिला प्रश्न : योजना जाणकारांनी मान्य केलेल्या एखाद्या भक्कम विचारावर आधारलेली आहे का? दुसरा : ती खरोखर चालावी यासाठी लागणारी माणसे, साधने आणि पद्धती पुरविल्या आहेत का? तिसरा : पुरेसा काळ चालविल्यानंतर तिचा परिणाम दिसतो का, की मुलांची अडचण होती तशीच आहे?

ज्यांच्या घरी पेढीचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्यांना हे तीन प्रश्न अपरिचित वाटू नयेत. बँकेत कर्जाचा अर्ज आला की हेच पाहतात. धंद्याची कल्पना टिकाऊ आहे का; मंजूर झालेली रक्कम सांगितलेल्या कामासाठीच आणि पुरेशी लावली आहे का; आणि वर्षाअखेरीस धंद्यातून परतफेडीपुरते उत्पन्न निघते का. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर भाळून दुसऱ्या-तिसऱ्याकडे दुर्लक्ष झाले, की खाते बुडीत निघते. शिक्षणात खाते बुडीत निघाल्याचे कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. ते मुलाच्या पुढील आयुष्यात दिसते, एवढाच फरक.

पुढे निरनिराळ्या राज्यांनी निरनिराळे उपाय केले. फ्लोरिडा राज्यात १९९० साली न्यायालयाच्या संमतीने तडजोड झाली आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे तासच ठरवून टाकले. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना मुख्य भाषाविषय शिकविणाऱ्यास ३०० तास; गणित, विज्ञान, समाजशास्त्र शिकविणाऱ्यास ६० तास; इतर विषयांच्या शिक्षकांस १८ तास. चित्रकलेच्या किंवा खेळाच्या शिक्षकालाही यातून वगळले नाही, ही यातील महत्त्वाची गोष्ट. मॅसॅच्युसेट्स राज्याचा धडा याहून निराळा आहे. तेथे २००२ साली मतदारांनी कौल देऊन या मुलांना मुख्यतः इंग्रजीतूनच शिकवावे असे ठरविले. पण त्यासाठी लागणारे प्रशिक्षण शिक्षकांच्या मर्जीवर सोडले. २०११ साली संघ सरकारच्या न्याय विभागाने हे कायद्याला धरून नाही असे कळविल्यावर, २०१२ पासून तेथे अशा शिक्षकांना विशेष पात्रता मिळविणे सक्तीचे झाले. धोरण ठरले तेव्हापासून शिक्षक तयार करण्याची सक्ती होईपर्यंत दहा वर्षे गेली. पहिलीत बसलेले मूल तेवढ्या काळात दहावीला पोहोचते.

परंतु तास भरले म्हणजे शिकविणे बदलले, असेही होत नाही. नोंदवहीत ६० तास आणि वर्गात जुनीच रीत, हा अनुभव तेथेही आला आणि आपल्याकडेही येतो. म्हणूनच २०१५ साली तेथे झालेल्या शिक्षणविषयक संघीय कायद्यात एक लक्षणीय अट आहे. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या शिक्षकांसाठी मिळणाऱ्या निधीतून जे प्रशिक्षण द्यावयाचे, ते पुरेसे सखोल आणि दीर्घ असावे. एक दिवसाची कार्यशाळा किंवा परिषद त्यात धरली जाणार नाही, ती एखाद्या लांब मुदतीच्या योजनेचा भाग असेल तरच चालेल. आपल्याकडच्या शिबिरांचे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे या अटीचे मर्म कळते. सकाळी दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा सत्कार, दोन व्याख्याने, भोजन, प्रमाणपत्रांचे वाटप आणि समूह छायाचित्र. दुसऱ्या दिवशी शिक्षक वर्गात जातो, तेव्हा त्याच्याबरोबर यातले काहीच जात नाही.

मग टिकते काय? ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी अभ्यासकांनी १९८०च्या दशकात याचा विचार केला. नुसते व्याख्यान ऐकल्याने माहिती वाढते. करून दाखविले आणि करवून घेतले तर कौशल्य येते. पण ते कौशल्य रोजच्या वर्गात उतरावयाचे असेल, तर शिक्षकाच्या वर्गात कोणी अनुभवी सहकारी येऊन बसला पाहिजे, काय जमले आणि काय राहिले हे त्याच्याशी नंतर बोलले पाहिजे आणि हे पुनःपुन्हा झाले पाहिजे. पेढीवर नवा मुलगा असाच तयार होत असे. त्याला जमाखर्चाचे व्याख्यान कोणी दिले नाही. मुनीमजींच्या शेजारी बसून त्याने रोजमेळ लिहिला, चूक झाली तेथे त्यांनी बोट ठेवले आणि वर्ष-दोन वर्षांत तो स्वतः खतावणी करू लागला.

अशा प्रशिक्षणात शिक्षक शिकतात त्या गोष्टी ऐकताना लहान वाटतात. प्रत्येक तासाला दोन उद्दिष्टे ठरवावयाची, एक विषयाचे आणि एक भाषेचे. आज बाष्पीभवन शिकवावयाचे, हे विषयाचे. ‘कारण’ आणि ‘म्हणून’ या अर्थाचे इंग्रजी शब्द वापरून मुलांनी दोन वाक्ये बोलावीत, हे भाषेचे. प्रश्न विचारल्यावर थांबावयाचे, ही आणखी एक गोष्ट. मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी एकच सेकंद थांबतात असे आढळले. तो अवधी तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येऊ लागतात. जे मूल प्रश्न इंग्रजीत ऐकते, मनात आपल्या भाषेत उतरविते आणि उत्तर पुन्हा इंग्रजीत जुळविते, त्याला एका सेकंदात बोलता कसे यावे? त्याच्या गप्प बसण्याला शिक्षक अज्ञान समजतो आणि पुढच्या मुलाकडे वळतो. असे वर्षभर घडले की ते मूल हात वर करणे सोडून देते.

हे सारे अमेरिकेचे झाले; पण आपल्या देशालाही हा प्रश्न नवा नाही. जुन्या मद्रास राज्यात १९६०च्या सुमारास प्राथमिक वर्गांना इंग्रजी शिकविणाऱ्या सुमारे २७,००० शिक्षकांना नव्याने तयार करण्याचा मोठा प्रयत्न झाला. थोड्यांना प्रथम शिकवावयाचे, त्यांनी पुढच्यांना, त्यांनी आणखी पुढच्यांना, अशी साखळी होती. घरंगळताना मोठ्या होत जाणाऱ्या हिमगोळ्याची तिला उपमा दिली गेली. थोड्या खर्चात मोठी संख्या गाठण्याची ही युक्ती आजही सर्वत्र वापरतात. तिचा दोष असा की, प्रत्येक पायरीवर मूळ माल थोडा पातळ होतो आणि शेवटच्या गावातील शिक्षकापर्यंत पुष्कळदा फक्त पुस्तिका पोहोचते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हा ज्यांनी स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकले आणि कधी बोलण्याचा प्रसंग आला नाही, अशा हजारो शिक्षकांवर ते काम येऊन पडले. त्यांतील कित्येकांनी स्वतःच्या हिमतीवर ते चांगले पार पाडले. तरीही रेमंडव्हिलच्या निकालातील दुसरा प्रश्न येथेही विचारलाच पाहिजे : लागणारी माणसे तयार करण्याइतका वेळ आणि पैसा आपण दिला का?

आपल्या समाजाला हा प्रश्न दोन बाजूंनी भिडतो. एक बाजू घराची. कोणाच्या घरी मारवाडी, कोणाच्या घरी गुजराती किंवा कच्छी, दक्षिण महाराष्ट्रात मराठी किंवा कन्नड. दुकानात मराठी आणि हिंदी. शाळा इंग्रजी माध्यमाची. अशा घरातील मूल पहिल्या दिवशी शाळेत जाते तेव्हा ते सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या मुलांहून फारसे निराळे नसते. पुष्कळ शाळांत त्याच्या आईला सांगितले जाते की, घरी इंग्रजीच बोला. आई बिचारी तोडकेमोडके इंग्रजी बोलू लागते आणि आजी-आजोबांशी मुलाचे बोलणे तुटते. प्रशिक्षित शिक्षक असा सल्ला देत नाही. घरच्या भाषेत मुलाला जे नीट समजले असेल, त्यावर दुसरी भाषा लवकर उभी राहते, हे त्याला ठाऊक असते. ज्याला आजीच्या बोलीत व्याज आणि मुद्दल कळले आहे, त्याला इंग्रजीत केवळ दोन नवे शब्द शिकावयाचे उरतात.

दुसरी बाजू विश्वस्तांची. समाजातील दानशूर घराण्यांनी गावोगावी शाळा उभ्या केल्या, इमारती दिल्या, प्रयोगशाळा दिल्या, अलीकडे वर्गावर्गांत डिजिटल फळे दिले. हे ऋण मोठे आहे. परंतु इमारतीवर कोनशिला बसते, शिक्षकाच्या शिकण्यावर ती बसविता येत नाही. म्हणून त्या कामासाठी देणगीदार मिळणे अवघड जाते. वास्तविक इमारतीला आणि यंत्राला दरवर्षी घसारा लागतो, तर नीट तयार झालेला शिक्षक दरवर्षी अधिक मोलाचा होत जातो.

यावर व्यवहारी माणसाचा एक आक्षेप ठरलेला आहे : शिक्षकाला शिकवून तयार करावे आणि त्याने जास्त पगारावर दुसऱ्या शाळेत जावे, मग खर्च कोणाच्या पदरात? आक्षेप खरा आहे. पण व्यापारातही हेच होत आले आहे. नातेवाइकाच्या पेढीवर काम शिकून पुढे स्वतःचे दुकान थाटलेली किती तरी घराणी आज समाजात प्रतिष्ठेने उभी आहेत. ज्या शेठजींनी त्यांना शिकविले त्यांची पेढी त्यामुळे बुडाली नाही. शिकलेली माणसे असेपर्यंत तिचा धंदा वाढला आणि चांगले काम शिकावयास मिळते म्हणून नवी हुशार मुले तिच्याकडे येत राहिली. शिक्षक न शिकविता तसाच ठेवला, तर तो कदाचित तीस वर्षे तेथेच राहील आणि त्या तीस वर्षांत त्याच्यासमोरून जाणाऱ्या मुलांचे नुकसान कोणी मोजणार नाही.

करावयाचे काम फार खर्चिकही नाही. आठवड्यातून एक तासिका अशी ठेवावी की, त्या वेळी इंग्रजी, गणित आणि विज्ञान यांचे शिक्षक एकत्र बसून पुढच्या आठवड्याच्या पाठांतील अवघड शब्दांची यादी करतील. महिन्यातून दोनदा एका शिक्षकाने दुसऱ्याच्या वर्गात बसावे आणि त्यासाठी बदली शिक्षकाची सोय संस्थेने करावी. बाहेरचा तज्ज्ञ बोलवावयाचा तर एका दिवसासाठी न बोलविता वर्षभरात सहा-आठ वेळा, आणि सभागृहात न बोलविता वर्गात बोलवावा. विश्वस्तांच्या वार्षिक सभेत निकालाची टक्केवारी वाचली जाते, तेव्हा तेच तीन प्रश्नही विचारले जावेत : आपली पद्धत कशाच्या आधारावर आहे, तिच्यासाठी शिक्षकाला आपण काय दिले, आणि मागच्या बाकावर गप्प बसणारे मूल यंदा बोलू लागले का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुख्याध्यापकांच्या अहवालात मिळाले नाही, तर विश्वस्तांनी अर्धा तास काढून स्वतः वर्गात जाऊन बसावे.